छान होतं!

गेल्या वर्षीची गोष्ट. डॉक्टरांनी आमच्या सौ.चा पाय दोन-तीनदा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "आजी, आता काठी सोडा. चाला, फिरा, हवं ते खा." सहा महिन्यांपूर्वी पुण्यात तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतरची ही शेवटची मोठी तपासणी. आम्ही सगळेच खूश होतो. मुलगा गाडी चालवत होता, सूनबाई आणि नातू मागे, आणि साताऱ्याच्या परतीच्या वाटेवर दुपारचे दोन वाजत आलेले.

"आई, आज तू सांगशील तिथं जेवायचं. काय खायचंय?" मुलाने विचारलं.

मला वाटलं होतं, डोसा वगैरे म्हणेल. ती म्हणाली, "भाकरी. तव्यावरून थेट ताटात आलेली. दुसऱ्या कुणीतरी केलेली आणि मी बसून खाल्लेली."

गाडीत सगळे हसले. मीही हसलो. नंतर मात्र ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. भाकरी करणाऱ्या बाईला गरम भाकरी कधी मिळत नाही, हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या लक्षात यायला एक शस्त्रक्रिया व्हावी लागली! ती तव्यापाशी, आम्ही पाटावर (पुढे टेबलावर). सगळ्यांचं उरकलं की टोपलीतली खालची, गार झालेली भाकरी तिची. गेले सहा महिने तर पोळ्यांना बाई येत होत्या आणि त्यांना भाकरी येत नव्हती. म्हणजे तिची ती मागणी साधी असली तरी जुनी होती.

खंबाटकी घाटाच्या अलीकडे एक हॉटेल दिसलं. नाव सांगत नाही, कारण तशी शंभर आहेत. बाहेर बैलगाडीचं चाक, दारात कंदील, भिंतीवर वारली चित्रं (सातारा जिल्ह्यात वारली चित्रं का, हे विचारायचं नाही), वाढप्यांच्या डोक्यावर फेटे आणि मोठ्ठा फलक: 'अस्सल गावरान चव, चुलीवरचं जेवण'. सौ.ला आवडलं. काठी गाडीत ठेवून ती स्वतः तीन पायऱ्या चढली. तो क्षण फार चांगला होता, हे आधी नमूद करतो.

आत मेनूकार्ड आलं. सहा पानं! पिठलं-भाकरीपासून नूडल्सपर्यंत आणि पिझ्झापासून पुरणपोळीपर्यंत सगळं. मी आयुष्यभर भाषा आणि इतिहास शिकवला, पण एवढं गणित मलाही कळतं की जिथे शंभर-सव्वाशे पदार्थ मिळतात तिथे शंभर-सव्वाशे पदार्थ शिजत नसतात. तरी आम्ही पिठलं, भाकरी, भरलं वांगं, ठेचा मागवला. नातवाने पनीरचं काहीतरी.

पितळी ताटं आली. दिसायला सुरेख. आणि मग भाकरी.

गार नव्हती, पण गरमही नव्हती. डब्यात एकावर एक रचून ठेवलेली, आपल्याच वाफेने ओलसर झालेली, चामड्यासारखी. तुटेना, ताणली जाई. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून तर कढत पाणी घालून ते तळहाताने रगडून मळायचं, थापायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकता सुकता उलटायची आणि शेवटी विस्तवावर फुगवायची. पीठ जुनं असलं, त्याची विरी गेली असली, की थापतानाच कडा फाटतात. ताणली जाणारी भाकरी म्हणजे तिच्यात गव्हाचं पीठ आहे, असं सौ.ने हळूच मला सांगितलं. खरी भाकरी तव्यावरून उतरल्यावर काही मिनिटंच राजा असते. ती आधी करून ठेवण्याची वस्तूच नव्हे.

पिठल्याचंही तेच. पिठलं थांबलं की घट्ट होतं, वर साय धरते. मग त्यात पाणी ओतून पुन्हा उकळी आणतात आणि पिठलं मुकाट्याने आपली चव सोडून देतं. आमच्या ताटातलं पिठलं गोडसर होतं! वांगं कापलं तर आत दाण्याचं कूट नाही, तीळ नाहीत, कांदा-लसूण मसाल्याचा वास नाही. बाहेर लाल रस्सा. नातवाच्या पनीरचा रस्सा चाखून पाहिला, तर तोच. अशा स्वयंपाकघरांत सकाळीच कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजची पांढरी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या पातेली भरून करून ठेवलेल्या असतात. मागणी आली की त्यातला एक डाव कढईत, वर भाजी नाहीतर पनीर, वर कोथिंबीर. सहा पानांचं रहस्य हेच. त्या दिवशी वांगं आणि पनीर सख्खे भाऊ झाले होते.

सौ.ने अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली, गाईला घालायला म्हणून. ताटात टाकायचं नाही हा तिचा नियम. पण तिने ताटातलं उचलून ठेवल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि आता खरी गोष्ट. हे सगळं वर्णन काही हॉटेलाला नावं ठेवण्यासाठी केलेलं नाही.

वाढपी आला. विशी-बाविशीचा हसरा पोरगा. त्याने विचारलं, "काका, कसं होतं जेवण?"

मी म्हणालो, "छान होतं!"

मुलगा म्हणाला, "मस्त." सूनबाई हसली. पोराने लगेच खिशातून एक कार्ड काढून नातवापुढे धरलं. मोबाईलने तो चौकोन टिपायचा आणि पाच तारे द्यायचे. "दादा, माझं नाव टाका ना त्यात, मालक बघतात." नातवाने टाकलं. पाच तारे, खाली त्याचं नाव आणि 'अप्रतिम गावरान जेवण'. म्हणजे आम्ही तीन पिढ्या एका टेबलावर बसून, एका मिनिटात, सर्वानुमते खोटं बोललो आणि ते जगासाठी नोंदवूनही ठेवलं.

फक्त सौ. काही बोलली नाही.

बिलात सेवाशुल्क लावलेलं होतं. ते मात्र नातवाने तत्परतेने काढायला लावलं. त्याचं बरोबरच होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सूचना काढल्या होत्या की हॉटेलांनी सेवाशुल्क आपोआप बिलात जोडू नये, ते गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या. पैशाच्या बाबतीत खरं बोलायचा हक्क आपल्याला असा मिळाला. पण 'भाकरी शिळी होती' हे बोलायला कुठल्या न्यायालयाची परवानगी हवी होती? तिथे आपली जीभ का उचलत नाही?

गाडी घाट चढू लागली तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही त्याला छान का म्हणालात?"

"अगं, गरीब पोरगा. त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं? त्याने थोडीच केली होती भाकरी?"

ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग सहज, तक्रारीचा सूर न लावता म्हणाली, "मी केलेल्या भाकरीला मात्र पन्नास वर्षांत एकदाही म्हणाला नाहीत."

वाचकहो, मी शाळामास्तर. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शाईने शेरे मारले. 'अक्षर सुधारावे', 'निबंध उत्तम', 'मुद्दे अपुरे'. कुणाचा शेरा चुकवला नाही. आणि घरात? आमटीत मीठ कमी पडलं तर माझा शेरा लगेच तयार. मीठ बरोबर पडलं त्या हजारो दिवसांचे शेरे मात्र कोरे! परक्या हॉटेलात वाईटाला 'छान' म्हणालो आणि घरात चांगल्याला काहीच म्हणालो नाही. हिशेब दोन्हीकडे चुकला.

त्या रात्री मला माझी कॉलेजातली खाणावळ आठवली. १९६९-७०च्या सुमाराची. एक काकू चालवत. महिन्याला ३५-४० रुपये, दोन वेळचं जेवण, रविवारी एकदाच पण गोडाचं. वीस-पंचवीस मेंबर. काकू स्वतः वाढायच्या. "काकू, आज आमटीत डाळ पोहायला गेलीय वाटतं!" असं कुणीतरी ओरडायचं. काकू उलट चार शब्द सुनवायच्या, "डाळीचा भाव बघून या आधी!" पण दुसऱ्या दिवशी आमटी दाट असायची. आणि वांग्याची भाजी जमली की आम्ही तेही ओरडून सांगायचो. त्या दिवशी काकू मागितल्याशिवाय आणखी एक डाव वाढायच्या. तिथे तारे-बिरे काही नव्हते, पण आमचं म्हणणं चुलीपर्यंत पोचत होतं.

मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळींचंही असंच असणार, असं मला नेहमी वाटतं. साताऱ्या-रत्नागिरीकडून गिरण्यांत गेलेल्या, बायकामुलं गावी ठेवलेल्या माणसांना त्या खाणावळवाल्या बायांनी जेवू घातलं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून याच बायांना एकत्र केलं आणि बँकेच्या कर्जाची दारं त्यांना उघडून दिली. कामगार महिन्याच्या पैशांवर जेवत. रोज तेच ताट, तीच बाई, तोच माणूस. उद्या पुन्हा एकमेकांना तोंड दाखवायचं असल्यामुळे दोघांनाही खरं बोलणं परवडत होतं, किंबहुना खोटं बोलणं परवडत नव्हतं.

महामार्गावरच्या हॉटेलात नेमकं हेच नसतं. आपण पुन्हा येणार नसतो. त्यालाही ते ठाऊक असतं. मग त्याने कशाला कढत पाण्यात पीठ मळावं आणि आपण कशाला जीभ शिणवावी? सोय दोघांचीही होते. बिल भरायचं, 'छान' म्हणायचं, निघायचं. पुढच्या टेबलावर पुढची आजी, पुढची चामड्याची भाकरी. त्या आजीला ती भाकरी काही अंशी आमच्या पाच ताऱ्यांनी वाढलेली असते, हे आपण विसरतो.

कुणी म्हणेल, मास्तर, अन्नाला नावं ठेवू नयेत असंच तर तुम्ही शिकवलंत ना? शिकवलं. आणि त्याचा अर्थही मला माहीत आहे. १९७२च्या दुष्काळात मी माण तालुक्यातल्या एका गावात नवा शिक्षक होतो. ज्या घरी राहायचो तिथली माणसं दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रात्री मिलोची भाकरी व्हायची. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. रंग तांबडा, चव नाही, घशाखाली उतरायला पाणी लागायचं. पण त्या घरच्या माउलीने ती इतकी निगुतीने थापलेली असायची आणि चुलीतून काढून अशी गरम पुढ्यात टाकायची की मी कधी तोंड वाकडं केलं नाही. ते अन्न वाईट होतं, करणारीचं मन त्यात पूर्ण होतं. महामार्गावर ज्वारीला, चुलीला, पैशाला कशालाच तोटा नव्हता. फक्त कुणाचं लक्ष नव्हतं. गरिबीने बिघडलेल्या अन्नाला नाव ठेवणं हे पाप, पण बेफिकिरीने बिघडलेल्या अन्नाला नाव न ठेवणं हा नुसता आळस. त्याला सौजन्य म्हणून मिरवू नये.

दुसरं कुणी म्हणेल, हल्ली लोक काय कमी तक्रारी करतात? करतात की! वाढप्यावर खेकसतात, ताट सरकवून देतात, मोबाईलवर एक तारा देऊन 'थर्ड क्लास' असं लिहितात. पण तो शेरा नव्हे, तो राग. वर्गातल्या पोराला 'तू गाढव आहेस' म्हटल्याने त्याचं शुद्धलेखन सुधारत नाही. 'इथे वेलांटी दुसरी हवी' म्हटल्याने सुधारतं. खरं सांगणं म्हणजे नेमकं सांगणं, आणि ज्याच्या हातात सुधारणा आहे त्याला सांगणं. हे मी पस्तीस वर्षं मुलांना सांगितलं आणि हॉटेलात नापास झालो.

म्हणून एक ठरवलं. दोन महिन्यांनी पुन्हा पुण्याला जायचं होतं. येताना मुलाला म्हटलं, त्याच हॉटेलात थांब. मुलगा म्हणाला, "बाबा, शिक्षा कुणाला, त्यांना की आपल्याला?" तरी थांबला.

दुपार टळून गेली होती, गर्दी नव्हती. मी गल्ल्यावरच्या व्यवस्थापकाला सगळं सांगितलं. आवाज न चढवता, मुद्देवार. भाकरी आधी करून ठेवलेली होती, तिच्यात गहू असावा, पिठलं गोड होतं, वांग्याला वांग्याची चव नव्हती. मागच्या वेळी 'छान' म्हणालो ते खोटं होतं, त्याबद्दल माफी. तो गोंधळला. आधी त्याला वाटलं, पैसे परत मागतोय. मग म्हणाला, "काका, रोज एवढी माणसं जेवतात, आजपर्यंत कुणी बोललं नाही."

हेच तर!

त्याने आतून स्वयंपाक्याला बोलावलं. पंचविशीचा मुलगा, ओडिशाचा. कपाळावर घाम. त्याने कधी भाकरी खाल्ली नव्हती! त्याच्या आधी असलेल्या पोराने जशी दाखवली तशी तो करत होता, आणि ताटं आत परत येत तेव्हा ती धुणाऱ्याकडे जात, त्याच्याकडे नव्हे. अर्धी टाकलेली भाकरी त्याने पाहिलीच नव्हती. माझ्या मनात आलं, वर्षभर वह्या भरणारा आणि एकदाही तपासून न मिळालेला विद्यार्थी म्हणजे हा. चूक त्याची किती आणि तपासायला आलेले असून 'छान' म्हणून उठून गेलेल्या आमच्यासारख्यांची किती?

सौ.ने त्याला मोडक्या हिंदीत विचारलं, पीठ कधीचं आहे? आठवड्याला एकदा येतं, तो म्हणाला. पाणी कसं घेतोस? नळाचं. तिने कपाळाला हात लावला नाही. शांतपणे सांगितलं, पाणी उकळून घे, थोडं थोडं पीठ मळ, गहू घालू नकोस, आणि मागितल्यावरच थाप. तो आत गेला. पंधरा मिनिटांनी एक भाकरी घेऊन स्वतः बाहेर आला. कडा फाटलेल्या, एका बाजूला करपलेली, पण पापुद्रा सुटलेला आणि आतून वाफ येत होती. सौ.ने तुकडा मोडला, खाल्ला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. तो मुलगा तर श्वास रोखून.

"बरी आहे," ती म्हणाली. "पाणी अजून कढत हवं."

'छान' म्हणाली नाही. पण पूर्ण भाकरी खाल्ली. आणि त्या पोराचा चेहरा पाच ताऱ्यांनी कधी उजळला नसेल इतका उजळला. पुढे त्या हॉटेलाची भाकरी सुधारली का, मला ठाऊक नाही. एका दिवसाने सवयी बदलत नाहीत, हे मास्तराला कुणी सांगायला नको. पण पुढच्या गिऱ्हाइकाने खरं सांगितलं तर ती सुधारेल, आणि सगळ्यांनी 'छान' म्हटलं तर पुन्हा चामडं होईल, एवढं नक्की.

त्या संध्याकाळी घरी सौ.ने कितीतरी दिवसांनी उभं राहून आमटी केली. मी ताटावर बसलो, पहिला घास घेतला आणि मनाशी ठरवल्याप्रमाणे मोठ्याने म्हणालो, "छान झालीय हं आमटी!"

तिने वाटी तोंडाला लावली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खोटं बोलू नका. मीठ घालायला विसरलेय मी."